भट्टीत निवलेली पिन

“साधं कार्बन स्टील टेम्परिंगनंतर, म्हणजे कडक करून पुन्हा तापवल्यावर, भट्टीतच निवलं तरी चालतं. निकेल-क्रोमचं मात्र लगेच बाहेर काढून तेलात बुडवायचं. नाहीतर मशीनवर कडकपणा बरोबर दिसेल आणि दणका बसला की काचेसारखं तुटेल,” असं कारखान्यातल्या धावडे सरांनी नोकरीच्या सुरुवातीलाच बजावलं होतं. शाल्मलीने ते हसण्यावारी नेलं. भट्टीतच निवू दिलेला एक शाफ्ट तुटला, तेव्हा अक्कल आली.

आता ती बाळंतपणाच्या रजेवर होती आणि तिच्या खुर्चीत ऋजुता बसत होती. बाळाला मांडीवर घेऊन शाल्मलीने भट्टीवरच्या जगदाळेकाकांना फोन लावला. तिकडची खबर घेतल्याशिवाय तिला चैनच पडत नसे.

“नव्या मॅडम लई भारी, ताई! काल निकेल-क्रोमच्या पिना होत्या. म्हणाल्या, भट्टी बंद करा, आतच निवू द्या, जा घरी. तुम्ही सोडलं का कधी असं?”

शाल्मलीच्या पोटात दुखलं. आणि लगेच बरंही वाटलं. तुटू देत की! मग कळेल सगळ्यांना, खुर्ची कोणाची आहे ते.

“ठेवतो आता. त्यातलीच एक पिन आपल्या क्रेनला लावलीय. वजन उचलून बघायचंय, मी खालीच उभा आहे.”

“काका, थांबा!” ती ओरडली, पण फोन बंद झाला होता. पुन्हा लावला, तर कोणी उचलेना. ऋजुताचाही लागेना. बाळ किंचाळून रडत होतं. एका हाताने तिने कारखान्याच्या ग्रुपवर लिहिलं, “क्रेन थांबवा, पिन तुटेल. जो कोणी हे वाचेल त्याने आधी पळत जाऊन जगदाळेकाकांना क्रेनखालून बाजूला करावं.”