गेरासिमोसचे गहू

पर्यटकांचे जहाज धक्क्याला लागल्याचा भोंगा झाला आणि चर्चमधली माणसे एकेक करून उठली. गेरासिमोसच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना अजून चालू होती, पण त्यांनी तरी काय करावे? दुकाने उघडायची होती, ऑलिंपियाचे प्राचीन अवशेष बघायला जाणाऱ्या बसगाड्या भरायच्या होत्या. शेवटी उरले पाद्रीबाबा आणि गेरासिमोसची बायको अर्गिरो.

प्रार्थना संपल्यावर ती श्राद्धाची परात घेऊन चर्चच्या पायरीवर बसली. उकडलेले गहू, वर पिठीसाखर आणि डाळिंबाचे दाणे. मूठभर खायचे आणि ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणायचे, ही रीत. भरली परात घरी न्यायची, म्हणजे नवऱ्याला बिनमाफीचे ठेवायचे.

जहाजावरचे पाहुणे परातीत डोकावून पुढे जात होते. समोरच्या चपलांच्या दुकानातून फोतिनी आली. गावची मिठाई म्हणून सांगते, घटकेत परात रिकामी होईल, म्हणाली.

“खोटं सांगून खाऊ घालू? आधीच त्याच्या नावावर थोडं पाप आहे का?”

“पण मावशी, हे परदेशी लोक. काका तर जहाज दिसलं की बंदराकडची खिडकी लावून घ्यायचे. शिव्या द्यायचे ते वेगळंच.”

“म्हणून तर. नीट सांग त्यांना.”

फोतिनीने त्यांच्या भाषेत नीट सांगितले. मेलेल्याचे म्हटल्यावर दोघे-तिघे मागे सरले. एक पांढऱ्या केसांची बाई मात्र अर्गिरोशेजारी पायरीवर टेकली. तिने तळहातावर गहू घेतले, सावकाश चावले, नाव विचारले आणि ते वाक्य गेरासिमोसच्या नावासकट वेडेवाकडे म्हटले. मग तिच्या मागचे पुढे आले. दुपारी ऑलिंपियाहून धुळीने माखून परतलेल्यांनी उभ्याउभ्याच खाल्ले.

संध्याकाळी अर्गिरो घरी आली तेव्हा परातीच्या कडेला साखर तेवढी चिकटली होती. बंदराकडची खिडकी त्याच्यामागेही कुणी उघडली नव्हती. कडी गंजून बसली होती. तिने परातीच्या काठाने ती ठोकून काढली आणि भिंतीवरची त्याची तसबीर उतरवून खिडकीत ठेवली, तोंड समुद्राकडे करून.

जहाज वळत होते.

“आपल्याकडे खाऊन चाललेत,” ती म्हणाली, “निरोप तरी दे.”