भिंतीवरचे बावीस अंश

भिंतीवर सगळं हिरवं होतं आणि ताईंच्या कानामागून घाम ओघळत होता.

भिंत म्हणजे ताई सांभाळत त्या सर्व्हर रूमबाहेरचा मोठा पडदा. आतल्या प्रत्येक यंत्राचा त्यावर एक चौकोन. हिरवा म्हणजे निवांत, लाल म्हणजे धावा. तापमानाच्या चौकोनात बावीस अंश दिसत होते. दार उघडलं की मात्र आतून भट्टीची धग तोंडावर येत होती.

आत यंत्रांच्या चार रांगा होत्या. त्यातल्या एका रांगेवर शहरातल्या रुग्णवाहिकांचे फोन चालत. कुणाच्या वडिलांच्या छातीत दुखलं, की तो फोन आधी या खोलीतून जाई, मग गाडी निघे. यंत्रं फार तापली तर आपली आपण बंद पडतात, कुणाला विचारत नाहीत. बाकीच्या तीन रांगा हाताने बंद केल्या तर फोनची रांग तगेल, एवढा हिशेब ताईंना कळत होता. अडचण अशी, की त्या तीन रांगांवर पगारपत्रकं होती, अहवाल होते आणि ही भिंत होती.

चार वाजता बडे पाहुणे यायचे होते. भिंतच बघायला. साहेबांनी त्यासाठी नवा शर्ट घातला होता, आणि त्याची घडी अजून मोडली नव्हती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुपार आहे, उकडणारच. भिंत हिरवी आहे, तुम्ही पाणी प्या.

एसीचं यंत्र वर गच्चीत, कुलूपबंद जाळीच्या आत. किल्ली एसीवाल्याकडे. तो पाच मिनिटांत पोचतो म्हणाला होता, त्याला पाऊण तास झाला होता.

ताईंनी प्रथमोपचाराच्या पेटीतून ताप मोजायचा थर्मामीटर काढला आणि दोन रांगांच्या मधोमध धरला. एकशे सहा, म्हणजे भिंतीच्या मापात एक्केचाळीस. माणूस असता तर कपाळावर पट्ट्या ठेवल्या असत्या. साहेबांनी थर्मामीटर उलटसुलट करून पाहिला आणि हा माणसांचा आहे, असा शेरा मारून परत दिला.

आता दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, थर्मामीटर किंवा भिंत. थर्मामीटरचं ऐकून तीन रांगा उगाच बंद केल्या, तर पाहुण्यांदेखत ताईंची नोकरी जाणार. भिंतीचं ऐकलं, तर फोन कुठल्या क्षणी मुके होतील याचा नेम नव्हता. ताईंनी गुरुजींना फोन लावला.

गुरुजी म्हणजे परगावचे निवृत्त गणिताचे मास्तर. भिंतीला तापमान पुरवणारं प्लगइन, म्हणजे छोटासा जोड-प्रोग्राम, त्यांनी लिहिलेलं. काम इवलंसं. दर मिनिटाला सेन्सरला विचारायचं, किती अंश? आणि उत्तर भिंतीवर लावायचं. हे त्यांनी सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं होतं. ज्याला हवं त्याने घ्यावं, उघडून वाचावं, सुधारणा सुचवावी. साहेबांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. ज्याची पावती मिळत नाही ती वस्तू चालते कशी, हे त्यांना कधी उमगलं नव्हतं.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सेन्सरला वीज कुठून मिळते ते विचारलं. एसीच्याच यंत्रातून, ताईंनी सांगितलं.

"मग एसी गेला असेल तर सेन्सरही गेला," गुरुजी म्हणाले. "बावीस कोण सांगतंय?"

गुरुजींनी त्यांना प्लगइन उघडायला लावलं. चाळीसेक ओळी होत्या. ताई मोठ्याने वाचत गेल्या आणि तिसाव्या ओळीवर अडल्या. सेन्सरने उत्तर दिलं नाही, तर त्याचं शेवटचं उत्तरच पुन्हा दाखवायचं, असं तिथे लिहिलेलं होतं.

"गुरुजी, हे झोपेत लिहिलंत का?"

गुरुजी म्हणाले, ओळीशेजारी टीप असते, कुणी सुचवलं आणि का. ती वाचा.

ताईंनी वाचली. एसी धुतल्यावर सेन्सर दोन मिनिटं गप्प असतो, उगाच घंटा वाजते, म्हणून हा बदल. खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख होती आणि ताईंचं नाव.

तेव्हा ती घंटा ऐन जेवणाच्या वेळी त्यांच्या मोबाइलवर वाजायची. नवरा त्या मोबाइलला सवत म्हणायचा. त्या एका ओळीने सवत मुकी झाली होती, घरी पंगत सुखाने उठू लागली होती, आणि ऑफिसात साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

"सापडली का त्या मास्तरांची चूक?" साहेबांनी मागून विचारलं.

"सापडली," ताई म्हणाल्या. "माझी आहे."

त्या आत गेल्या आणि त्यांनी तीन रांगा एकेक करून बंद केल्या. भिंत काळी झाली. साहेबांना तिच्यात नवा शर्ट दिसला आणि वर स्वतःचा चेहरा.

फोनच्या रांगेवरचे दिवे लुकलुकत राहिले. वीस मिनिटांनी ताईंनी थर्मामीटर झटकून पुन्हा धरला. एकशे दोन. कुणीतरी कुठूनतरी गाडी मागवत होतं, आणि गाडी निघत होती.

त्या बाहेर आल्या तेव्हा साहेब पाहुण्यांना उद्या या म्हणून कळवत होते. टेबलावरचा मोबाइल अजून चालू होता. गुरुजी थांबले होते. ताईंनी त्यांना ती ओळ आत्ताच्या आत्ता काढायला सांगितलं. चूक कुणाची तेही नावानिशी लिहा, आणि ज्यांनी ज्यांनी हे घेतलंय त्या सगळ्यांना कळवा. आहेत तरी किती?

"कोण सांगून नेतं, ताई? पण तुमच्या त्या ओळीबद्दल आभाराची पत्रं येतात. दोन-अडीचशे झाली असतील."

"काय लिहितात?"

"सगळे एकच लिहितात. तेव्हापासून आमच्याकडे अगदी शांतता आहे."