आजच्या भागातला स्फोट

अवकाशातल्या पोरांची ती मूळ मालिका चारुताने पप्पांसोबत बघितली होती. त्याच पोरांच्या धाकट्या भावंडांवर नवी मालिका आली, तेव्हा मात्र पप्पांनी दुसऱ्याच भागाला हात टेकले. ते बोईसरला, घराजवळच्याच एका केमिकल कारखान्यात कामाला होते.

"स्फोट असा नसतो गो," ते म्हणाले. "आदी पायांखाली थरथर येते, आवाज मागून. ह्यांची नुसती दिवाळी हाय."

मालिकेच्या फॅन ग्रुपवरही सगळे नाकं मुरडत होते. पोरं कच्ची आहेत, यान पुठ्ठ्याचं वाटतं, पहिल्या मालिकेची सर नाही. चारुता एकटी सगळ्यांशी भांडायची.

आज पप्पा सेकंड शिफ्टला होते. संध्याकाळी ती कानात इअरफोन घालून, पलंगावर पडून नवा भाग बघत होती. शेवटी यान अंधारात शिरलं आणि स्क्रीन काळी झाली. आधी तिच्या अंगात थरथर आली, मग कानांत धडाका भरला.

तिने लगेच पप्पांना मेसेज केला, "पप्पा, आज जमलं त्यांना. आधी थरथर, मग आवाज." एकच टिक आली. पप्पा कामात असतील, म्हणून तिने ग्रुपवर लिहिलं, "आता बोला. शेवटचा स्फोट किती खरा होता."

नागपूरच्या उन्नतीने लगेच उत्तर दिलं.



"कुठला स्फोट? यान अंधारात गेलं, तिथेच तर भाग संपला."