नऊ काड्या

तातेराव चुलीसमोर उकिडवे बसून राख फुंकत होते. राख डोळ्यांत गेली, मिशांत गेली, शेजारच्या पिठाच्या परातीत गेली. पण राखेत पुरलेली गोवरी काही लाल होईना. शेवटी त्यांनी तिला हात लावून पाहिला. गार होती.

मागे गोजरबाई घोंगडी पांघरून पडल्या होत्या. एक दिवसाआड येणारा ताप आज दुपारी पुन्हा येणार होता, आणि तो चढायच्या आत गुळवेलीचा काढा पोटात जायला हवा होता. काढ्याचं भांडं चुलीवर चढवलेलं होतं, खाली विस्तव नव्हता.

"रात्री गोवरी फिरवली व्हती का?" गोजरबाईंनी डोळे न उघडताच नवऱ्याला विचारलं.

"डोळा लागला."

"मी सांगितलं व्हतं."

"व्हय," तातेराव म्हणाले.

चार वर्षांपूर्वी तातेरावांनी दुकानाची पायरी चढायची नाही असं ठरवलं होतं. आपल्या रानात पिकेल ते खायचं, आपल्याच कापसाचं नेसायचं, करडीच्या तेलावर दिवा लावायचा, रिठ्याने अंग घासायचं. महायुद्धामुळे दुकानात तसंही काही मिळत नाही, असं गावातले खवचट लोक म्हणत. मिठावाचूनही त्यांनी महिनाभर काढला. पण समुद्र काही शिरड शहापुरात आणता येईना, तेव्हा तेवढी सूट घेतली. तंबाखू सोडली आणि त्या भरात चिलमीची चकमकही मेव्हण्याला देऊन टाकली. आगपेटी तर घरात यायचीच नाही. रात्री मोठी गोवरी राखेत पुरायची, मधे दोनदा उठून फिरवायची, सकाळी फुंकून चूल पेटवायची. "चार वर्सं झाली, एकच विस्तव हाय आमच्या चुलीत," असं ते पारावर सांगत. ऐकून ऐकून सगळी आळी त्यांच्याकडेच विस्तव मागायला येऊ लागली होती.

आताही दारात शेजारची जिवनबाई उभी होती. हातात गोवरीचा तुकडा होता.

"वैनी, विस्तव द्या बरं. लेकरू भुकेलं हाय."

"थांबा जरा, राख लई झाली," तातेराव मान न वळवता म्हणाले आणि गार राखेवर पुन्हा फुंकर मारली. दुसऱ्याच्या दारी मागायला जावं तर आळीतल्या चुली पेटायच्या त्या याच विस्तवावर. जावं कुणाकडे, आणि कोणत्या तोंडाने?

"उतरंड काढा," गोजरबाई हळूच म्हणाल्या. "खालून दुसरं गाडगं. हुलग्यात हात घाला."

उतरंड काढायचं काम तातेरावांनी जन्मात केलं नव्हतं. वरचं गाडगं खाली कुठे टेकवावं हेच त्यांना कळेना. एक मांडीवर घेतलं, एक भिंतीला लावलं. हुलग्यात कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना चिंधी लागली. चिंधीत आगपेटी होती.

तातेराव बघतच राहिले. राग आला, चांगलाच आला. पण दारात जिवनबाई होती आणि चुलीवर काढा होता, रागवायचं तरी कसं?

"कधीपासून?" त्यांनी आवाज दाबून विचारलं.

"पहिल्याच सालापासून. माहेराहून आणली."

"मग काहून सांगितलं न्हाईस?"

"तुमी पारावर सांगून राहिले व्हते," गोजरबाई म्हणाल्या. "काडी ओढा. ती खोळंबली."

काडी ओढल्याचा आवाज दारापर्यंत गेला. जिवनबाई अंगणातल्या शेळीकडे बघू लागली. कापसाच्या वाळल्या पळाट्या तडतडल्या, धूर झाला, जाळ धरला. जिवनबाईने आपला तुकडा पेटवून घेतला, "येते," म्हणाली आणि पदराचा आडोसा करून निघून गेली.

तातेरावांनी पेटी पुन्हा उघडली. आत काड्या दाटीवाटीने होत्या. पेटी जवळजवळ भरलेलीच होती. त्यांना बरं वाटलं. म्हणजे पारावर सांगितलेलं अगदीच खोटं नव्हतं.

"फार वापरल्या न्हाईस तू."

"आजची सोडून नऊ."

"चार वर्सांत नऊच?" त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

"नऊ रात्री मला सलग झोप लागली," गोजरबाई म्हणाल्या. "बाकीच्या रात्री उठून गोवरी फिरवली."

त्या तक्रार करत नव्हत्या. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. तातेराव मात्र पेटी हातात घेऊन तसेच बसून राहिले. त्या भरलेल्या पेटीची त्यांना लाज वाटली.

काढा उकळला. त्यांनी तो वाटीत गाळला, फुंकून निववला आणि बायकोच्या हातात दिला. मग चिंधी चुलीत टाकली आणि आगपेटी कोनाड्यात, दिव्याच्या शेजारी ठेवली. दारातून कुणालाही दिसेल अशी.

"लोकायला दिसंल," गोजरबाई म्हणाल्या.

"दिसू दे. आज गोवरी पुरायची न्हाई. रात्री उठायचं न्हाई तू."

उतरंडीची गाडगी कशी रचायची ते विचारायला तातेराव वळले. गोजरबाई रिकामी वाटी हातात धरूनच झोपल्या होत्या.

"वैनी, विस्तव..." दारातून आळीतल्या रुख्मिणीबाईंची हाक आली.

तातेरावांनी तोंडावर बोट ठेवलं आणि स्वतः चुलीकडे गेले.