ताईचा पत्ता

भाऊबीजेला ठरल्या वेळी ताईचा आवाज आला, पण खुर्चीत बसवलेल्या यंत्रदेहातून नाही. फरशी पुसणाऱ्या बुटक्या यंत्रातून.

"हेरंब, मला नुसते पायच दिसतायत रे!"

वत्सलाताई चंद्रावरच्या वसाहतीत राहायची. तिच्या हृदयाला आता पृथ्वीवरचं वजन सोसणार नव्हतं. म्हणून ती यंत्रदेहात शिरून भावाला ओवाळायला यायची. वसाहतीकडून त्यासाठी वर्षाला एकदाच जोडणी मिळायची.

हेरंबरावांच्या मुलीने, मैथिलीने, राऊटर तपासला. "बाबा, आत्याची जोडणी आत यावी म्हणून पोर्ट उघडून ती यंत्रदेहाच्या नेटवर्क-पत्त्यावर वळवलीत, पण तो पत्ता त्याच्या नावावर कायम केला नाहीत. सकाळी वीज गेली तेव्हा राऊटरने पत्ते नव्याने वाटले. तो आता या यंत्राला मिळालाय."

"मग कर की दुरुस्त!"

"राऊटर बंद करून चालू करावा लागेल. आत्याची जोडणी तुटेल."

"राहू दे गं," जमिनीवरून ताई म्हणाली. "हेरंब, खाली बस."

"ताई, माझे गुडघे!"

"मी चंद्रावरून आले, आणि तुला जमिनीपर्यंत येववत नाही?"

हेरंबराव भिंतीला धरून, भोवती रांगोळी काढलेल्या पाटावर बसले. मैथिलीने यंत्राच्या पाठीवर निरांजन ठेवलं. यंत्र घरघरत त्यांच्याभोवती सावकाश फिरू लागलं.

"अरे, रांगोळी पुसली जातेय का?"

"छे," लख्ख ओल्या फरशीकडे बघत हेरंबराव म्हणाले, "तू फिर."