डावा सहा, उजवा आठ

आजोबांनी बुटांचं दुकान काढलं तेव्हापासून नियम एकच: जोडी फोडायची नाही. वडिलांनी तो तीस वर्षं पाळला. लेक दुकानात बसू लागली, त्याच आठवड्यात एक शिक्षिका आल्या. लहानपणीच्या आजारानं त्यांचा डावा पाय दोन नंबर लहान राहिला होता. बुटात कापूस कोंबून त्या चालायच्या. लेकीनं दोन खोकी उघडली आणि त्यांच्या पायात डावा बूट सहाचा, उजवा आठचा घातला. "अगं, उरलेले कोणाच्या गळ्यात मारणार?" वडील कडाडले. "बघू, बाबा. आधी यांना चालू तर दे." शिक्षिका दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. "कापसाशिवाय पहिल्यांदाच चालतेय हो!" त्या म्हणाल्या. वडील खुर्चीतून उठले. खाली बसून शिक्षिकांच्या बुटाची नाडी बांधता बांधता लेकीला म्हणाले, "उद्या माल घ्यायला बुटांच्या कारखान्यात माझ्याऐवजी तू जा. त्यांना सांग, आम्हाला सुटे बूटही लागतात."