उडाणटप्पू

"उडतात का?" बाबांनी पुन्हा विचारलं.

मुलगी पांढऱ्या बशीवर वाकली होती. बशीत थोडं पाणी, पाण्यात निवडुंगाच्या मुळाशी खरवडलेली चमचाभर माती, आणि वर तिने डोळ्याला लावलेलं भिंग. वाळू आणि विटांचा चुरा तळाला बसला होता. पाण्यावर तीन पांढरे ठिपके तरंगत होते. तिने काडीच्या टोकाने एकाला डिवचलं. तो जागच्या जागी पाय हलवत राहिला.

"बघतेय," ती म्हणाली.

कुंडीत पांढरं काही हललं की ते दोघांपैकी एक असतं, हे तिला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत होतं. पहिले, बाबा ज्यांना उडाणटप्पू म्हणत ते. डिवचलं की टुणकन उडी मारतात, कुजलेलं खातात, झाडाच्या अध्यात ना मध्यात. दुसरा मुळांवरचा पिठ्या. तो उडत नाही. मुळांना चिकटून रस पितो आणि कुंडीच्या आतून पांढरं मेण माखून ठेवतो. वरून झाड ठणठणीत दिसतं आणि एके दिवशी हात लावला की मुळापासून सुटून हातात येतं.

पिठ्या निघाला की त्या शेडमधलं एकही झाड ठेवायचं नाही, सगळं जाळायचं, हा बाबांचा नियम. तो त्यांनी एकदा पाळलाही होता. ती तेव्हा पाळण्यात होती. बाबा आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत, असं आई सांगायची. मग एका पोत्यावर बसून त्यांनी पुन्हा बी पेरायला घेतलं. त्या बियांची आज ही शेड झाली होती. आठशे कुंड्या. त्यातली निम्मी झाडं तिच्याच वयाची, आणि प्रकृतीने तिच्यापेक्षा बरी.

तेव्हा बाबा तिशीत होते. आता पंच्याहत्तरीला आले होते आणि काचबिंदूने त्यांची नजर पार खाल्ली होती. खिडकी कुठे आहे एवढं समजायचं, बस. म्हणून सहा महिन्यांपूर्वी ती शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून घरी आली. कोणतं रोप पिवळं पडलंय, कुठे कळी धरलीय, ते ती सांगायची आणि बाबा त्याप्रमाणे कात्री चालवायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

"घाई नाही," बाबा म्हणाले. ते स्टुलावर बसले होते, हात मांडीवर पालथे ठेवून. "पुन्हा डिवच. कधी कधी थंड पाण्यात मरगळतात."

तिने पुन्हा डिवचलं. आधी एकाला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. एकही उडाला नाही. या माणसाला आता ही शेड जाळायला सांगायची? नंतर काय करणार ते? कुठल्या डोळ्यांनी बी पेरणार? तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. दुपारी ते झोपतात. रोज वीस कुंड्या उलट्या करायच्या, मुळं धुवायची, औषधात बुडवायची, नव्या मातीत लावायची. चाळीस दिवस. सगळी नाही वाचणार. पण त्यांना कळायचं कारण नाही.

"मग?" बाबांनी विचारलं. "उडतात का?"

"उडाले," ती म्हणाली. "तिन्ही. एक तर बशीच्या बाहेर गेला. उडाणटप्पूच आहेत, बाबा."

"नक्की?"

"अगदी नक्की."

बाबांनी मान हलवली. आता ते हसतील, निदान चहा टाक म्हणतील, असं तिला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी पालथे हात उलटे केले आणि तिच्यापुढे धरले. बोटांच्या पेरांवर, तळव्याच्या रेघांमध्ये, पांढरं मेण सुकलं होतं.

"सकाळी तू उठायच्या आधी ती कुंडी मी काढून बघितली," ते म्हणाले. "मग शेजारच्या रांगेतल्या दहा-बारा. हाताला कळतं तेवढं."

भिंग अजून तिच्या हातातच होतं.

"मग मला कशाला विचारत होतात?"

"झाडांसाठी नाही विचारलं. झाडं संपलीत." बाबांचा आवाज चढला नव्हता, तेच तिला सोसवेना. "मला वाईट वाटू नये म्हणून बोललीस, समजतं मला. उद्या आणखी कशासाठी बोलशील. मला ते कळायचं कसं?"

"बाबा, चुकलं माझं."

"हो," ते म्हणाले. "रॉकेलचा डबा मागच्या खोलीत आहे. आज वारा पडलेला आहे, आजच उरकू."

ते उठले आणि टेबलाच्या कडेकडेने हात टेकत दाराकडे निघाले. ती धावत पुढे गेली. या दारातून बाहेर पडताना ती रोज दोन शब्द बोलायची आणि तिचं वाक्य संपायच्या आत बाबा बिनधास्त पाऊल खाली टाकायचे.

"बाबा, पायरी."

बाबा थांबले. दाराची चौकट धरून ते सावकाश खाली वाकले आणि पायरी खरोखर आहे का, ते हाताने चाचपून बघू लागले.